मिठाच्या खड्यात कोणाचा जोडीदार कोण?

सांजवेळ
लेक आठवीत आहे. परवा रात्री रासायनिक बंधाचा धडा घेऊन बसली होती. मी कॉमर्सवाली, पण आठवीपर्यंतचं विज्ञान आपल्याला सहज जमेल असा माझा समज. पुस्तकातली आकृती बघत तिला नेहमीची गोष्ट सांगितली. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तो त्याला नकोसा झालेला. क्लोरीनकडे सात, त्याला एक हवा. याने दिला, त्याने घेतला. हा धन झाला, तो ऋण झाला, दोघं एकमेकांना चिकटले, झालं मीठ. शिकवणीच्या सरांनीही हेच सांगितलंय, दोन बाहुल्या काढून. एक बाहुली दुसरीला चेंडू देते.

ती उठून स्वयंपाकघरात गेली, खडे मिठाची बरणी घेऊन आली आणि एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. "यातला कुठला सोडियम कुठल्या क्लोरीनचा, ते कसं ओळखायचं?"

म्हटलं, ज्याने इलेक्ट्रॉन दिला तो त्याचा.

"आणि शेजारचा क्लोरीन? तोपण ऋणच आहे ना? मग आपला सोडियम त्यालाही चिकटणारच. त्याला काय माहीत हा दुसऱ्याचा आहे ते?"

दूध उतू जाईल म्हणत मी उठले. दूध फ्रीजमध्ये होतं. जाणकारांनी इज्जत वाचवावी.

तिरपागडा
पहिला!
मुलीला सायन्सला घालू नका, वकिलीला घाला.

खडूधूळ
सांजवेळताई, लेकीचं बरोबर आहे. चौतीस वर्षं मी फळ्यावर तीच दोन वर्तुळं आणि मधला बाण काढला, आणि एक-दोन वर्षांआड एखादं पोर हाच प्रश्न विचारायचं. सुरुवातीला मीही दूध बघायला जायचो.

खड्यात जोड्या नसतातच. एक सोडियम आयन घ्या (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याने धन किंवा ऋण झालेला अणू). त्याच्या पुढे एक क्लोराइड, म्हणजे ऋण झालेला क्लोरीन, मागे एक, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. सहाही जण त्याच्यापासून अगदी सारख्या अंतरावर, २८२ पिकोमीटरवर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). आता त्यांतल्या एका क्लोराइडपाशी जाऊन बसा. त्याच्याभोवतीही तसेच सहा सोडियम. यातला 'आपला' कोणता? कोणताच नाही. इलेक्ट्रॉनवर कोणाचं नाव घातलेलं नसतं, भांड्यांवर असतं तसं. एकदा आयन झाले की धन आणि ऋण एवढीच ओळख उरते, आणि विद्युत आकर्षण सगळ्या दिशांना सारखं असतं. त्यामुळे प्रत्येक जण शेजारी मावतील तेवढे विरुद्ध प्रभाराचे गडी गोळा करतो.

म्हणजे खड्यात 'मिठाचा रेणू' नावाची वस्तू नाही. सूत्र लिहितो ते फक्त प्रमाण असतं, एकास एक. पिशवीतल्या बारीक मिठाचा दाणा ०.३ मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या एका कडेवर दहा लाखांहून जास्त आयन रांगेत उभे असतात, एकाआड एक. तो अख्खा दाणा म्हणजेच एक सलग बांधणी.

हे पचायला भल्याभल्यांना जड गेलं, तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅग या तेविशीतल्या पोराने क्ष-किरणांच्या ठशांवरून मिठाची रचना उलगडली. १९१५ चं नोबेल त्याला वडिलांसोबत मिळालं. तरी १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या ऐंशीला टेकलेल्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'ला तणतणत पत्र लिहिलं. मथळा साधारण 'बिचारं मीठ!' असा. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी काय, मिठाचा रेणूच नाही म्हणता काय, हे अक्कलेला धरून नाही, असा एकूण सूर. माणूस लहान नव्हता, मोठा रसायनशास्त्रज्ञ होता. पण आयुष्यभर रेणू मोजलेल्याला 'रेणूच नाही' हे सोसवेना.

अकरावी_ब
सर, पण सोडियमला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, एवढं तरी बरोबर आहे ना? आमच्या नोट्समध्ये 'सोडियम सहज इलेक्ट्रॉन देतो' असंच आहे.

मोजपट्टी
'सहज' हा शब्द नोट्समधून खोडा.

सुट्या सोडियम अणूचा तो 'नकोसा' इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल लागतात (सगळे आकडे एका मोलचे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक, प्रचंड ढिगाचे). क्लोरीनने तो घेतला की परत मिळतात ३४९. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात १४७ चा तोटा. दोघं खुशीने व्यवहार करतात ही गोष्ट तिथेच संपते.

सांजवेळताई कॉमर्सच्या आहेत म्हणून खातेवहीच मांडतो. सुरुवात धातूचा तुकडा आणि क्लोरीन वायू यांच्यापासून.

नावे: धातूतून सोडियमचा अणू सुटा करायला १०८. क्लोरीनचा रेणू फोडून त्यातला एक अणू मिळवायला १२१. इलेक्ट्रॉन काढायला ४९६. एकूण ७२५.
जमा: क्लोरीनकडून ३४९.
तूट: ३७६.

आणि तरीही प्रत्यक्षात सोडियम क्लोरीनमध्ये जाळला तर पिवळाधमक भडका उडतो आणि मोलमागे ४११ किलोज्यूल बाहेर पडतात. ३७६ ची तूट भरून वर ४११ शिल्लक, म्हणजे कुठून तरी ७८७ आले पाहिजेत. ते आले धन-ऋण आयन एकत्र येऊन जालक, म्हणजे खड्यातली ती सलग बांधणी, रचण्यातून. हीच जालक ऊर्जा. ही खातेवही बॉर्न आणि हाबर यांची, १९१९ ची. (यातले माक्स बॉर्न १९३५-३६ मध्ये काही महिने बेंगळुरूला होते, रामन यांच्या बोलावण्यावरून. पुढे याच स्फटिकांच्या जालकावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं, तो वेगळा धागा होईल.)

सांजवेळ
ही भाषा कळली! म्हणजे दुकान तोट्यात, पण जागेच्या भावाने तारलं.

तिरपागडा
मोजपट्टी, आकडे ठीक, पण यात गर्दी कुठून आली? एक सोडियम, एक क्लोरीन, दोघांनी मिठी मारली की झालं. (मिठी > मीठ. टाळ्या.) तूट जवळ येण्याने भरली असेल तर जोडी पुरेशी आहे. सहा-सहा शेजारी कशाला पाहिजेत?

मोजपट्टी
टाळ्या नाहीत, पण शंका रास्त आहे. जोडी जगूच शकत नाही असं नाही. मीठ खूप तापवून वाफ केली की त्या वाफेत खरोखरच सोडियम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या फिरतात. तिथे 'मिठाचा रेणू' आहे, आर्मस्ट्राँगच्या आत्म्याला शांती लाभो. दोघांमधलं अंतरही कमी, २३६ पिकोमीटर. पण हिशोब बघा. धातू आणि वायूपासून निघून नुसत्या जोड्यांपर्यंत आलात तर १८१ किलोज्यूल सुटतात. खडा झाला तर ४११. मधले २३० हे निव्वळ शेजाराचे.

एक गंमत सांगतो. पोरं क्रिकेटला गेली होती, म्हणून एका रविवारी मी हा शेजाराचा हिशोब वहीत मांडायला बसलो. मधे एक सोडियम. शेजारचं अंतर १ धरायचं. पहिले सहा क्लोराइड १ अंतरावर, ओढतात: +६. त्यापलीकडे कोपऱ्याकोपऱ्यांत बारा सोडियम, १.४१४ अंतरावर, ढकलतात: बेरीज आली उणे २.४८५. पुढचे आठ क्लोराइड: अधिक २.१३४. पुढचे सहा सोडियम: उणे ०.८६६. पुढचे चोवीस क्लोराइड: अधिक ९.८६७! बेरीज थांबेचना. झोका जास्तच मोठा होत चालला. वाटलं कुठेतरी हातचा चुकला.

हातचा चुकला नव्हता, मोजायची रीत चुकली होती. गोल-गोल कड्यांनी मोजत गेलं की प्रत्येक टप्प्याला गोळ्याच्या पृष्ठभागावर कधी धन जास्त तर कधी ऋण जास्त उरतो आणि तो सगळी बेरीज बिघडवतो. त्याऐवजी घनाच्या आकाराचे ठोकळे घ्यायचे आणि भिंतीतला आयन अर्धाच धरायचा (उरलेला अर्धा शेजारच्या ठोकळ्याचा), कडेवरचा पाव, कोपऱ्यावरचा एक अष्टमांश. मग ठोकळा एकूणात प्रभारहीन राहतो. पहिल्या ठोकळ्याला १.४५६ आले. दुसऱ्याला १.७५२. खरं उत्तर १.७४७६. त्याला माडेलुंग स्थिरांक म्हणतात. दोन ठोकळ्यांत इतकं जवळ आलेलं बघून मी एकटाच हॉलमध्ये 'वा' म्हणालो.

अर्थ असा: तेवढ्याच अंतरावरच्या एकट्या जोडीत जेवढं आकर्षण असतं, त्याच्या पावणेदोन पट खड्यात प्रत्येक जोडीमागे मिळतं. ढकलणारे शेजारीही आहेत, पण ओढणारे जवळ आहेत आणि ढकलणारे एक घर लांब. सगळं राजकारण एवढंच.

अकरावी_ब
वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे १.७४७६ हा आकडा नुसता पाठ करायला सांगितला होता.

उरणकर
धागा बघून राहवलं नाही. आमच्या आजोबांचं उरणकडे मिठागर होतं. आता तिथे काय आहे ते विचारू नका.

आमच्याकडे आयन-बियन कोणी म्हणत नव्हतं, पण मीठ कसं धरतं हे आजीला सुद्धा डोळ्यांनी कळायचं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत उन्हाने घट्ट करत न्यायचं. आधीच्या वाफ्यांत तळाला पांढरट थर बसतो, तो मीठ नव्हे. चाटला तर मातकट लागतो. मीठ धरतं ते शेवटच्या वाफ्यांत. दुपारी वारा पडला की पाण्यावर साय आल्यासारखं होतं. जवळून बघितलं तर ती साय नसते, नखाएवढे आणि त्याहून लहान चौकोनी पापुद्रे तरंगत असतात, मधे खोल आणि कडा वर, टोपल्यांसारखे. वारा आला की सगळे एकदम बुडतात. लहानपणी आम्ही फुंकर मारून बुडवायचो आणि धपाटे खायचो.

आणि आजोबांचा एक नियम होता. मीठ ओढून झालं की उरलेलं पाणी सोडून द्यायचं, मोह धरायचा नाही. अजून थोडं आटवू म्हटलं की मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात गोणीला पाझर फुटतो. हे का, ते कुणी सांगेल का?

खडूधूळ
उरणकर, आजोबांना दंडवत. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले क्षार सुमारे साडेतीन टक्के, पण त्यात एकच मीठ नसतं. पाणी आटत जातं तसा ज्याचा जीव लहान तो आधी बाहेर पडतो, म्हणजे ज्याची विद्राव्यता कमी तो. आधी चुनखडीचा अंश, मग जिप्सम. तो तुमचा मातकट थर. मग मीठ. पाण्यात सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहतात मॅग्नेशियमचे क्षार, तेच कडू. आजोबा सोडून देत ते हेच पाणी.

पाझराचं कारणही मॅग्नेशियमच. आकाराने लहान आणि प्रभार दुप्पट, त्यामुळे पाण्याच्या रेणूंना तो प्रचंड ओढतो. हवेतली आर्द्रता तेहतीस टक्क्यांच्या आसपास गेली की मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी घेऊन स्वतःच विरघळायला लागतं. शुद्ध मिठाची तीच मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास आहे.

पाटपाणी
म्हणून जुलैत माझी बरणी! कोकणात माहेरी मिठाचं मडकं चुलीच्या जवळ असायचं, त्याचं कारण आत्ता कळलं. इथे मी बरणीत तांदूळ घालते. पण पिशवीतलं बारीक मीठ त्यामानाने कोरडं राहतं ते मॅग्नेशियम काढलं म्हणून का? की त्यात जे घालतात म्हणे त्यामुळे? आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं होतं की मिठात सायनाइड असतं.

खडूधूळ
दोन्ही कारणं. आणि पंचाहत्तरच्या वर आर्द्रता गेली की पिशवीतलंही ओलसर होणारच, मुंबईचा जुलै कोणाला सोडत नाही.

सायनाइडचं ऐका. गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिठांत पोटॅशियम फेरोसायनाइड अगदी कणभर घालतात, पिशवीवर ५३६ असा आकडा असतो. त्यात मधे लोखंड आणि त्याला सहा सायनाइड अशा घट्ट बंधांनी बांधलेले असतात की पाण्यात विरघळलं तरी तो सातजणांचा गट फुटत नाही, गटाचाच एक आयन म्हणून वावरतो. मोकळं सायनाइड वेगळं आणि हे वेगळं. नावावरून जात ठरवू नये.

आणि हा मुद्दा धाग्याच्या विषयाचा आहे, अवांतर नाही. आयनिक संयुगातला आयन एकटा अणूच असला पाहिजे असं नाही. आतून सहसंयुज बंधांनी (म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन न टाकता सामाईक वापरून) बांधलेलं कुटुंब, आणि ते अख्खं कुटुंब बाहेर एकच प्रभार घेऊन उभं, असंही असतं. मोरचुदातला सल्फेट बघा, सोरा म्हणतात त्यातला नायट्रेट बघा.

तिरपागडा
आता मलाही एक गंभीर प्रतिसाद द्यायचा आहे, धक्का बसू देऊ नका.

आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, पितळेचं पातेलं लालसर तापवलं की चिमूटभर पांढरी पूड टाकायचा आणि भस्सकन पांढरा धूर. मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने एक हात, की आतून आरसा. ती पूड नवसागर. त्या धुराने नाक झोंबायचं तरी आम्ही तिथून हलत नसू. हा नवसागर तुमच्या वर्गात बसतो का?

खडूधूळ
बसतो, अगदी पहिल्या बाकावर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. अमोनियम हे असंच कुटुंब, एक नायट्रोजन आणि चार हायड्रोजन, आतून सहसंयुज, बाहेरून एक धन प्रभार. तापवलं की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटे होतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा काळा थर खातो, म्हणून कथील नीट धरतं. वर गार हवेत दोघं वायू पुन्हा भेटतात आणि नवसागराचे बारीक कण होतात. तुमचा पांढरा धूर म्हणजे हवेत परत जमलेला क्षार.

आणखी एक. मिठात प्रत्येकाला सहा शेजारी, नवसागरात खोलीच्या तापमानाला आठ. सीझियम क्लोराइडचीही तीच तऱ्हा. धन आयन मोठा झाला की त्याच्याभोवती जास्त क्लोराइड मावतात. सोडियम आयनाची त्रिज्या १०२ पिकोमीटर, सीझियमची १६७, क्लोराइडची १८१. लहान पाटाभोवती सहा जणांची पंगत, मोठ्याभोवती आठांची. (हा ठोकताळा दर वेळी चालतो असं समजू नका, पण पहिला अंदाज म्हणून बरा.)

भट्टीवाला
मी पोलाद कारखान्यात भट्टीच्या अस्तराचं काम करतो. मोजपट्टींच्या हिशोबात एक भर.

आमच्या विटांमधला मुख्य माल मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. त्याची रचना हुबेहूब मिठासारखी. तीच सहा-सहाची मांडणी, तोच पट. पण मीठ ८०१ अंशाला वितळतं आणि मॅग्नेशिया सुमारे २८५० ला. सोळाशे अंशांचं पातळ पोलाद त्याच्या कुशीत डुचमळत असतं. नवीन पोरांना मी सांगतो, ही वीट म्हणजे दुप्पट प्रभाराचं मीठ. मॅग्नेशियम दोन धन, ऑक्साइड दोन ऋण. दोन गुणिले दोन, आकर्षण चौपट. शिवाय आयन लहान, अंतर २८२ ऐवजी २१० पिकोमीटर. दोन्ही मिळून साडेपाच पटींच्या आसपास जातं.

आणि ठिसूळपणाचं कोणी बोललं नाही. तापलेली वीट घणाने नीट बसवायला गेलं की खळ्ळकन दुभंगते, चेपत नाही. लोखंड चेपतं. आयनिक पदार्थात एक थर अर्धं पाऊल सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो, आणि आत्तापर्यंत एकमेकांना धरून असलेले थर एकमेकांना ढकलून देतात. सैंधवाचा मोठा खडा घेऊन सुरीच्या पात्यावर हलकी हातोडी मारून बघा. काटकोनात सपाट तुटतो, आरशासारखा.

अकरावी_ब
भट्टीवाले काका, ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन घ्यायला आवडतं म्हणून मॅग्नेशिया एवढा पक्का का?

मोजपट्टी
परत 'आवडतं'! अरे, पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऑक्सिजन १४१ किलोज्यूल देतो. दुसरा त्याच्या गळ्यात घालायला मात्र साडेसातशे ते आठशे मोजावे लागतात, कारण आता तो आधीच ऋण आहे आणि येणाराही ऋण. दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन एकटा सोडला तर तो तो इलेक्ट्रॉन टाकून मोकळा होईल. भोवती सहा मॅग्नेशियम उभे आहेत म्हणून तो टिकतो. मॅग्नेशियाची जालक ऊर्जा ३८०० च्या घरात आहे, मिठाच्या जवळजवळ पाचपट. ती हा सगळा खर्च गिळून वर उरते.

अष्टकाचा नियम काय होतं ते सांगतो. का होतं ते ही वही सांगते.

तिरपागडा
मग एक उलटी शंका. ७८७ किलोज्यूलची एवढी पक्की तटबंदी, आणि ती आमटीत चमचा फिरवला की विरघळते?

खडूधूळ
चमच्याने नव्हे हो, पाण्याने. पाण्याच्या रेणूचं ऑक्सिजनचं टोक जरा ऋण, हायड्रोजनची टोकं जरा धन. सोडियमभोवती पाणी ऑक्सिजन पुढे करून घोळका करतं, क्लोराइडभोवती हायड्रोजन पुढे करून. त्यातून मिळणारी ऊर्जा ७८३ च्या आसपास. म्हणजे जालक मोडायचा जवळजवळ सगळा खर्च पाणी उचलतं. चार किलोज्यूल कमी पडतात, ते पाणी स्वतःच्या उष्णतेतून देतं आणि किंचित गार होतं. नवसागर विरघळवला तर हाताला स्पष्ट जाणवण्याएवढं गार होतं.

मग तोट्यात असून विरघळतं का? कारण रांगेत उभे असलेले एवढे आयन मोकळे झाले की त्यांना पाण्यात भटकायच्या वाटा असंख्य. शाळा सुटल्यावर पोरांना परत रांगेत उभं करायला किती जोर लागतो, ते मी चौतीस वर्षं पाहिलंय.

सांजवेळ
आमच्याकडची खबर. हे सगळं लेकीला वाचून दाखवलं. आर्मस्ट्राँग आजोबांवर ती फार खूश आहे. "म्हणजे मोठ्यांचंही चुकतं" हे वाक्य आता घरात रोज ऐकू येतं.

रविवारी तिने प्रयोग केला. नऊ व्होल्टची बॅटरी, जुन्या दिवाळीच्या माळेतला एक एलईडी, त्याला रोध, दोन स्टीलचे चमचे. कोरड्या खड्याला दोन्ही बाजूंनी टेकवलं, काही नाही. खडा वाटीभर पाण्यात विरघळवला, दिवा लागला. पुस्तकात लिहिलंय तसंच. पण चमच्यांपाशी बुडबुडे आले, थोड्या वेळाने पाणी गढूळ हिरवट झालं आणि पोहण्याच्या तलावासारखा वास यायला लागला. हे पुस्तकात नव्हतं.

खडूधूळ
वास क्लोरीनचा. प्रयोग चांगला, पण खिडकी उघडी ठेवून, दिवा लागलेला दिसला की लगेच बंद. आणि चमचे नकोत. स्टील झिजून त्यातलं लोखंड, क्रोमियम पाण्यात येतं, तो हिरवट गाळ त्याचाच. ते पाणी तोंडाला लावू देऊ नका आणि चमचे पुन्हा जेवणात घेऊ नका. त्याऐवजी पेन्सिलीची दोन शिसं घ्या, म्हणजे ग्राफाइट.

खडा कोरडा असताना दिवा का लागला नाही, हे तिला विचारा. आयन आहेत, प्रभारही आहेत, पण सगळे आपापल्या जागी जखडलेले. वीज वाहायला प्रभाराने सरकलं पाहिजे. पाण्यात किंवा वितळून रसात ते मोकळे होतात.

मोजपट्टी
अवांतर: ८०१ अंश ऐकून आयनिक म्हणजे उच्च द्रवणांकच असं धरू नका. पाउल वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये एथिलअमोनियम नायट्रेटची नोंद केली, ते बारा अंशांना वितळतं. म्हणजे आपल्या खोलीत बरणीत द्रवरूप, आणि आत सगळे आयनच आयन. आयन ओबडधोबड आणि मोठे असले की नीट पंगत बसत नाही.

पाटपाणी
उरणकरांच्या त्या तरंगणाऱ्या टोपल्या घरी करता येतील का? नातवंडं येणार आहेत.

उरणकर
घट्ट मिठाचं पाणी हवं. कोमट पाण्यात मीठ घालत राहा, तळाला विरघळेना झालं की वरचं निवळ पसरट वाटीत काढा. साधारण शंभर ग्रॅम पाण्याला छत्तीस ग्रॅम बसतं. मग न हलवता ठेवायचं. उन्हाळा असता तर सांगायलाच नको, पण आत्ता पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडणार कसं? आमच्याकडे पहिला पाऊस पडला की मिठागर बंद, ते उगाच नव्हे.

सांजवेळ
आम्ही गेल्या आठवड्यापासून ठेवलंय! खिडकीत ठेवलं होतं, चार दिवस ढिम्म. उलट मला वाटतं पाणी वाढलं. मग लेकीने वाटी फ्रीजच्या मागे, जाळीच्या उबेला नेऊन ठेवली. फ्रीज हलला तर मिठाचं पाणी वायरींवर, म्हणून मी दोन दिवस जीव मुठीत धरून.

तिरपागडा
वाटीखाली ताट ठेवा, ताटात वीट ठेवा, भट्टीवाल्यांकडून मागवा.

सांजवेळ
आले!!

आज सकाळी सहाला मला उठवलं तिने. वाटीत आठ-दहा तरंगत होते. सर्वांत मोठा ज्वारीच्या दाण्याएवढा. तिच्या आजोबांच्या पोथीच्या भिंगातून बघितलं. चौकोन अगदी गुण्याने काढल्यासारखा, आणि मधे पायऱ्या पायऱ्यांनी खोल गेलेला. आमच्या गावाकडे बारव आहे, वरून बघितली की दिसते तशीच. मी फुंकर मारली नाही, पण शिंकले. चार बुडाले. आता घरात माझ्याशी कोणी बोलत नाहीये.

तिचा प्रश्न, जसाच्या तसा: "कडा भरतात तर मधला भाग का भरत नाही? मधल्यांना शेजारी नको आहेत का?"

खडूधूळ
हवे आहेत, पण त्यांच्यापर्यंत माल पोचत नाही. पाण्यातले आयन स्फटिकाकडे चारही बाजूंनी येतात. कोपरे आणि कडा पाण्यात पुढे आलेल्या असतात, त्यांना जास्त बाजूंनी ताजं दाट पाणी मिळतं. मधल्या भागासमोरचं पाणी लवकर पातळ होतं. शिवाय तरंगणारा चौकोन वजनाने हळूहळू खाली जातो आणि पाण्याच्या पातळीला नवी कड धरते, आधीच्यापेक्षा बाहेर. एकेक पायरी म्हणजे तो किती बुडाला याची खूण. सावकाश वाढला तर मधलाही भाग भरून येतो आणि भरीव ठोकळा मिळतो. वाटी झाकून फक्त एक फट ठेवा आणि पंधरा दिवस विसरा.

सांजवेळ
विसरायचं कसं, रोज सकाळी सहाला हजेरी आहे. तिला आता नवसागर हवाय. कुठे मिळेल?

तिरपागडा
पुण्यात असाल तर तांबट आळीत विचारून बघा. नाहीतर कल्हईवाला दिसला की त्याच्यामागे धावा.

खडूधूळ
आणा, पण फक्त पाण्यात विरघळवायला. गॅसवर तापवायचा नाही, सांगून ठेवतो. त्याचंही दाट पाणी करून काचेवर एक थेंब पसरा आणि भिंग लावून बसा. मिठासारखे चौकोन येणार नाहीत. पिसं फुटतात.